मॅनेजमेंटच्या दारात : फॉर्म भरण्याआधीचा हिशेब

(पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



आज मी क्रांतीवर बोलणार नाही, आकड्यांवर बोलणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मागच्या बाकावर खुशाल डुलक्या काढाव्यात, पण उठून जाऊ नये. कारण हे आकडे ठाऊक नसल्यामुळे दरसाल आपली चांगली हुशार पोरं घरी बसतात, नि त्यांच्या निम्म्या अकलेची पोरं टाय लावून अहमदाबाद-कलकत्त्याला जातात.

पहिला आक्षेप आधीच निकालात काढतो, नाहीतर प्रश्नोत्तराच्या वेळी अर्धा तास तोच चालेल. आक्षेप असा की, एमबीए म्हणजे भांडवलदाराचा मुनीम तयार करायचा कारखाना, तिथं चळवळीतल्या पोरांनी कशाला जायचं? बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही नि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवले होते, हे मला तोंडपाठ आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला घेतलं, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, नि त्याच्याही आधी ह्या मुंबईत शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला होता. धनंजय कीरांच्या चरित्रात ते आहे. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येत होतं, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटलं नि धंदा बंद पडला. म्हणजे पैशाच्या पेढीवर आपल्याला कुणी बसू दिलं नाही ही गोष्ट शंभर वर्षांची जुनी आहे. ती संपली का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या मोठ्या हजार कंपन्यांच्या संचालकांच्या जाती मोजल्या. शंभरातले जवळजवळ त्र्याण्णव उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन. ज्याला कारखान्याच्या फाटकावर उभं राहून घोषणा द्यायच्यात त्यानं द्याव्यात, मीही येईन. पण ज्याला आत जाऊन ताळेबंद वाचायचाय त्याला आपण गद्दार म्हणायचं कारण नाही. झालं. पुढं जातो.

आपल्या पोरांत मी दोन जाती पाहतो. घाबरू नका, ह्या जाती मनूच्या नव्हेत. पहिल्या जातीचा पोरगा म्हणतो, 'आयआयएम? ते आपलं काम नाय. ते आयआयटीवाल्यांचं, इंग्रजीवाल्यांचं.' हा फॉर्मच भरत नाही. ह्याला कुणी नापास केलेलं नाही, ह्यानं स्वतःच स्वतःला नापास केलं, तेही परीक्षा न घेता. दुसऱ्या जातीचा पोरगा म्हणतो, 'आपल्याला सवलत आहे, लागूनच जाईल,' नि एकट्या अहमदाबादवर नजर ठेवून बसतो. हा मटका लावतो. फरक इतकाच की मटक्यात रुपया जातो नि इथं वर्ष जातं. आपल्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. बापाची नोकरी कंत्राटी, आई धुण्याभांड्याची, धाकटी बहीण बारावीत. त्या घरातून वर्ष उधळायची ऐपत कुणाची नाही. म्हणून हिशेब.

आता मैदान बघून घ्या. सरकारी भारतीय प्रबंध संस्था, म्हणजे आयआयएम, १९६१ साली दोन निघाल्या, कलकत्ता नि अहमदाबाद. १९७३ ला बंगळूर, १९८४ ला लखनौ, १९९६ ला कोझिकोड नि इंदूर. मग २००७ नंतर भराभर निघत गेल्या, २०१५ ला तर आपल्या नागपुरातही आली, नि पवईची निटी २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. आज ह्या संस्था वीसच्या वर आहेत. आपली पोरं अजून 'आयआयएम' म्हणताना एकच लाल विटांची इमारत डोळ्यांपुढे आणतात. डोळे जरा फिरवा. विक्रोळीहून पवई रिक्षाच्या अंतरावर आहे.

ह्या सगळ्यांसाठी एकच चाळणी परीक्षा, कॅट, नोव्हेंबरच्या शेवटाला. दोन तासांचा पेपर, तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं: इंग्रजीचं वाचन, तर्काचे नि माहितीचे कोडे, आणि गणित. गणित साधारण दहावीपर्यंतचं, थोडं पुढचं. २०२४ साली ह्या परीक्षेला सुमारे २ लाख ९३ हजार पोरं बसली. आता पर्सेंटाइल म्हणजे काय ते नीट ऐका, कारण बी.कॉम. झालेली पोरंसुद्धा त्याला टक्के समजतात. पर्सेंटाइल म्हणजे तुम्ही किती जणांच्या पुढे आहात. २०२४ च्या आकड्यावर नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यापुढे सुमारे २,९३०. पंच्याण्णव म्हणजे पुढे १४,६५०. नव्वद म्हणजे २९,३००. बघा, नव्वद नि नव्व्याण्णव ह्यांत नऊचा फरक दिसतो, पण रांगेत तो सव्वीस हजार माणसांचा फरक आहे. आणि गुणांत? त्या साली ६८ प्रश्न होते, प्रत्येकी तीन गुण, एकूण २०४. गेल्या काही वर्षांत निम्म्याहून कमी गुण मिळवणारेसुद्धा नव्व्याण्णवच्या घरात गेलेत. म्हणजे हा पेपर सगळा सोडवायचा पेपरच नाही. आपल्याला शाळेत शिकवलं, एकही प्रश्न सोडायचा नाही. इथं सोडता यायला पाहिजे.

चुकलं तर एक गुण कापतात, बरोबर आलं तर तीन मिळतात. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर चारदा एकदा बरोबर: तीन मिळाले, तीन गेले, हाती शून्य. म्हणजे आंधळा डाव ना फायद्याचा ना तोट्याचा, वेळ मात्र खातो. पण एक पर्याय खात्रीनं खोटा आहे असं कळलं की उरलेल्या तिनांत डाव तुमच्या बाजूला झुकतो. जिथं पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथं चुकीला कापत नाहीत. हे इतकं साधं गणित क्लासवाले चाळीस-पन्नास हजार घेऊन सांगतात.

क्लासवाल्यांचं निघालं म्हणून सांगतो. दादर स्टेशनबाहेरचे ते फलक पाहिलेत ना? एकाच पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या फलकांवर असतो. तो पोरगा एका ठिकाणी शिकला, दुसरीकडे नुसते सराव पेपर दिले, तिसरीकडे मुलाखतीची तालीम केली. फलकावर पास झालेले असतात. नापास झालेल्यांचे फोटो लावायचे तर दादरपासून कुर्ल्यापर्यंत भिंत कमी पडेल. तेव्हा फलक पाहून आपली शक्यता मोजू नका.

मग कशावरून मोजायची? सराव पेपरांवरून. पण आपण सराव पेपर कसे वाचतो? समजा एक मुलगी आहे, टागोर नगरात राहते, बी.कॉम. शेवटचं वर्ष. दहावीला ७४ टक्के, बारावीला ६८, कॉलेजात ६६ च्या आसपास. तिचे सहा सराव पेपर झालेत, पर्सेंटाइल असे: ८२, ८८, ७९, ९१, ८५, ८४. मैत्रिणीनं विचारलं की ती सांगते, 'एक्याण्णव.' घरी एकटी असली की तिला एकोणऐंशी आठवतात नि झोप येत नाही. दोन्ही खोटे. ओळीनं लावा: ७९, ८२, ८४, ८५, ८८, ९१. मधले दोन ८४ नि ८५. तिची खरी जागा तिथं. वाईट दिवस गेला तर ऐंशीच्या खाली थोडी, चांगला गेला तर नव्वदच्या वर थोडी. तिनं फॉर्म भरताना ह्या पूर्ण पट्ट्याचा विचार करायचा, नुसत्या वरच्या टोकाचा नाही नि नुसत्या खालच्याही नाही. आणि हेही लक्षात घ्या की पैसे भरून सराव पेपर देणारी पोरं तयारीची असतात, त्यामुळे खऱ्या परीक्षेत, जिथं हौसे-गवसे सगळे येतात, पर्सेंटाइल थोडं वर जाऊ शकतं. थोडं. त्यावर घर बांधू नका.

अजून एक. तिन्ही भागांत वेगवेगळी किमान रेषा असते. एकूण ८५ आलं पण इंग्रजीत ४० आलं, तर वरच्या संस्थांची दारं तिथंच लागतात. आपल्या मराठी शाळेतल्या पोरांचा घात बहुतेक तिथं होतो, गणितात नाही. तेव्हा एकूण आकडा पाहताना आधी सगळ्यात दुबळा भाग पाहा.

आता आरक्षण. नीट बसा.

केंद्राच्या २००६ च्या कायद्यानं ह्या संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, इतर मागासांना २७ टक्के जागा आहेत. चारशेच्या वर्गात पंधरा टक्के म्हणजे साठ. कॅटच्या फॉर्मची फी आपल्याला निम्मी. पदवीची अट सर्वसाधारणांना ५० टक्के, आपल्याला ४५. किमान पर्सेंटाइलची रेषाही वेगळी असते, नि ती प्रत्येक संस्था आपल्या प्रवेश धोरणात छापते. पण किमान रेषा ओलांडली म्हणजे बोलावणं आलं असं नाही. ती रेषा म्हणजे फाटकावरचा वॉचमन. आत लाइन वेगळीच लागलेली असते. किमान अमुक पर्सेंटाइल असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात बोलावणं त्याच्या बऱ्याच वर थांबतं. 'सवलत आहे, लागूनच जाईल' म्हणणारा इथं आपटतो, कारण आपल्या जागांसाठी आपल्यातच स्पर्धा आहे, नि त्या स्पर्धेत आयआयटी-एनआयटीतून आलेली आपलीच पोरं आहेत. ती काही शत्रू नव्हेत. पण रांगेत आहेत.

मग प्रत्यक्ष आकडा कुठून काढायचा? इथं चळवळीनं काम करायचं आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आयआयएम सरकारी संस्था आहे, तिला उत्तर द्यावं लागतं. विचारायचं काय? मागच्या तीन वर्षांत अनुसूचित जातीच्या किती उमेदवारांना मुलाखतीला बोलावलं, त्यांतल्या शेवटच्याचं पर्सेंटाइल किती, किती जणांना प्रवेश दिला, नि किती जागा रिकाम्या राहिल्या. शेवटचा प्रश्न विसरू नका. एकेकट्यानं नको, दहा जणांनी वाटून घ्या, प्रत्येकानं दोन संस्था. दोनशे रुपयांत जो तक्ता हाती येईल तो कुठल्या क्लासवाल्याकडं नसेल.

काही पोरं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतात: 'सर, फॉर्ममध्ये ओपन लिहिलं तर? नंतर कुणी टोमणे मारणार नाही.' मला ह्या प्रश्नाचा राग येत नाही, कारण तो कुठून येतो ते मला ठाऊक आहे. 'सरकारचे जावई' हे शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेत. पण हिशेबानं बोलू. ओपन लिहिल्यानं टोमणा टळत नाही. आडनाव आहे, राहण्याची जागा आहे, जेवणाच्या डब्याचा वाससुद्धा आहे, त्यांना हुंगायला वेळ लागत नाही. टोमणा तसाच राहतो, फक्त जागा जाते. आणि नोंदणी बंद झाल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही. राहिला स्वाभिमानाचा प्रश्न. राखीव प्रवर्गातला उमेदवार खुल्या गुणवत्तेवर बसला तर त्याला खुल्या जागेत धरावं, राखीव जागेतली जागा खाऊ नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं मंडल प्रकरणात, १९९२ साली मान्य केलंय. म्हणजे तुम्हाला ओपनमध्ये जायचंय ना? मार्क तेवढे काढा, जात लिहूनच जाल. लपवून जायची गरज नाही. बाबासाहेब सिडनहॅममध्ये प्राध्यापक असताना स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही गुजराती प्राध्यापकांनी कुरकुर केली होती. पदव्यांनी जात धुतली जात असती तर तिथं धुतली गेली असती.

आता शक्यतेचं खरं गणित, नि इथं हुशार पोरंही फसतात. समजा एका संस्थेत लागण्याची तुमची शक्यता वीस टक्के आहे. तुम्ही म्हणता, पाच संस्थांत फॉर्म भरतो. पाचांतल्या एकीत तरी लागेन याची शक्यता कागदावर सदुसष्ट टक्के निघते. ०.८ चा पाच वेळा गुणाकार करा, साधारण ०.३३ येतो, तो एकातून वजा करा. छान. पण हे गणित कधी खरं? पाचही डाव एकमेकांपासून सुटे असतील तेव्हा. इथं पाचही डाव एकाच कॅटच्या दोन तासांवर टांगलेत. त्या दिवशी ताप आला, केंद्रावर कॉम्प्युटर बंद पडला, आदल्या रात्री वस्तीत वीज नव्हती, की पाचही एकदम बुडाले. पाच लोकलची तिकिटं काढली नि मेगाब्लॉक एकच. नव्या आयआयएमांचं तर अजून एक आहे: त्यांतल्या बऱ्याच जणी मिळून एकच संयुक्त मुलाखत घेतात. ती वाईट गेली की सगळीकडं वाईट. तेव्हा फॉर्म किती भरले हे मोजू नका, परीक्षा किती वेगळ्या दिल्या हे मोजा.

म्हणून मी सांगतो, कॅटसोबत महाराष्ट्राची सीईटी द्याच. ती मार्च-एप्रिलच्या सुमारास असते, म्हणजे कॅट फसली तरी तीन-चार महिने मिळतात. २०२५ पर्यंतच्या पेपरात दोनशे प्रश्न, अडीच तास, नि चुकीला गुण कापत नव्हते. हा वेगाचा पेपर आहे. ज्याच्या घरी रविवारी पाहुणे, टीव्ही नि नळाचं पाणी ह्यांच्या कलकलाटात अभ्यास झालाय त्याला वेग जमतो, हा माझा अनुभव. ह्या परीक्षेतून मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज मिळते, ती १९६५ सालची, आणि सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्थाही मिळते, ती १९८३ सालची, चर्चगेटला. दोघींची फी अहमदाबादच्या तुलनेत किरकोळ. घरून लोकलनं जाता येतं. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट: केंद्रीभूत प्रवेशात मुलाखत नाही. गुण नि यादी. समोर तीन साहेब बसून तुमचं आडनाव वाचत नाहीत.

कारण मुलाखतीचं गणित आपल्याविरुद्ध थोडं झुकलेलं असतं, हे मी हवेत बोलत नाही. सुखदेव थोरात नि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनावाच्या मानानं साधारण दोन-तृतीयांशच निघाला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका नि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांशी बोलून दाखवलं की ते गुणवत्तेचं नाव घेतात नि 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. हे नोकरीचं झालं, प्रवेशाचं नाही. पण मॅनेजमेंटच्या मुलाखतीतही तोच प्रश्न गोड आवाजात येतो: वडील काय करतात?

तेव्हा हिशेबात दोन पायऱ्या वेगळ्या धरा. बोलावणं येण्याची शक्यता एक, नि बोलावल्यावर निवड होण्याची दुसरी. समजा पहिली चाळीस टक्के, दुसरी तीस. गुणाकार बारा. पोरं बोलावणं आलं की पेढे वाटतात नि तयारी सोडतात. अरे, अजून सत्तर टक्के वाट बाकी आहे. आणि दुसरा आकडा वाढवणं पहिल्यापेक्षा सोपं असतं, कारण तिथं विषय तुम्हीच असता. वडील सफाई कामगार आहेत? सांगा. महापालिकेत कंत्राटी पद्धत कशी आली, पगार कोणाच्या हातून येतो, ठेकेदार किती कापतो, हे तुम्हाला समोरच्या प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो मॅनेजमेंटचाच विषय आहे. तुम्ही पार्ट टाइम कुरियर वाटली, मेडिकलच्या दुकानात स्टॉक मोजला, आईच्या बचत गटाचा जमाखर्च लिहिला, हे फॉर्मच्या 'कामाचा अनुभव' ह्या रकान्यात बसणार नाही. तिथं पदवीनंतरची पूर्णवेळ पगारी नोकरीच धरतात. पण मुलाखतीत ते बसतं, नि चांगलं बसतं. रडगाणं नको, माहिती द्या. आरक्षणावर विचारलं तर भाषण ठोकू नका, चिडू नका. ते भाषण इथं येऊन ठोका, टाळ्या आम्ही वाजवू.

संस्था निवडताना वजनं बघा. बंगळूरसारखी संस्था दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन देते. आपली टागोर नगरची मुलगी, दहावी ७४, बारावी ६८. ते गुण आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत, म्हणजे तिच्यासाठी बंगळूर ही उंच उडी. पण ती मुलगी आहे नि इंजिनिअर नाही, नि अनेक संस्था ह्या दोन्ही गोष्टींना वेगळे गुण देतात. तिथं ती स्वतःच्या पर्सेंटाइलपेक्षा वर उभी राहते. तिनं काय करावं? माझं मत: जुन्या आयआयएमांतली एक-दोन, उडीची म्हणून. कॅटच्या फॉर्ममध्ये त्यांच्यावर खूण करायला वेगळा पैसा लागत नाही, मग लाजायचं कशाला? नव्या आयआयएमांतल्या चार-सहा, बरोबरीच्या म्हणून. सीईटीतून बजाज नि सिडनहॅम, नि त्याच यादीत खाली दोन-तीन कॉलेजं जिथं वाईट दिवशीही लागेल. आणि 'वाईट दिवशीही लागेल' असं कॉलेज निवडताना एकच कसोटी लावा: तिथं लागलं तर जाणार का? जाणार नसाल तर ते नाव यादीत भरू नका, ती नुसती मनाची समजूत आहे. उपनगरात दोन मजल्यांवर चालणारी, फी पाच-सात लाख, नि शेवटी सेल्सची पंधरा-अठरा हजारांची नोकरी देणारी एमबीएची दुकानं आहेत. त्यापेक्षा नोकरी धरून पुढच्या साली पुन्हा परीक्षा दिलेली बरी. कॅटचा गुण एकाच प्रवेश-सालाला चालतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

बाकीच्या खाजगी परीक्षा, एक्सएटी, स्नॅप, एनमॅट, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, पैसे वेगळे. २००६ चा केंद्रीय कायदा खाजगी संस्थांना बांधत नाही, तेव्हा तिथं आपल्या जागा असतीलच असं धरून चालू नका. प्रत्येकीचं धोरण वाचून मगच पैसे भरा.

पैशाचं आता. अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या वर गेलीय. आकडा ऐकून बाप म्हणतो, राहू दे. बापाला सांगा: केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे, यादीतल्या संस्थांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर. पण प्रत्येक संस्थेत तिचे ठराविकच लाभार्थी असतात, म्हणून संस्थेला आधीच विचारायचं, तुमच्याकडं किती. राज्यातल्या कॉलेजांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची मर्यादा अडीच लाख. अडीच लाख नि एक रुपया झाला की तुम्ही श्रीमंत, हा सरकारी विनोद आहे, पण नियम तो आहे. नामवंत संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज देणारी योजना २०२४ साली आलीय. कर्जाला भिऊ नका, पण कुठल्या संस्थेसाठी ते बघा. वीस लाखांचं कर्ज घेऊन कलकत्त्याला जाणं हा हिशेब आहे, तेच कर्ज घेऊन कुणी न ऐकलेल्या कॉलेजात जाणं हा गळफास.

शेवटचं, नि सगळ्यात जास्त पोरं इथंच पडतात: कागद. कॅटची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते नि जातीचा दाखला तेव्हाच अपलोड करावा लागतो. राज्याचा दाखला नि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. आपल्यातल्या बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनं मिळाल्या, ते केंद्राच्या नमुन्यात नोंदवलेलं असतं. जुना राज्याचा कागद जोडून भागेल असं समजू नका. सीईटीतून राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, नि पडताळणी समितीची फाइल महिनोन्‌महिने हलत नाही. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाहून आणावा लागतो, नि ती शाळा कधी पडलेली असते, कधी हेडमास्तर रजेवर. दाखल्यावर नि मार्कलिस्टवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का तेही पाहा. एका अक्षरावरून चकरा मारायला लावतात.

तेव्हा आता प्रश्नोत्तरं सुरू करायच्या आधी एक काम करू. ज्यांच्याकडं केंद्राच्या नमुन्यातला दाखला नाही त्यांनी हात वर करा. ज्यांची वैधता झालेली नाही त्यांनीही करा. वर्गाच्या वहीत नाव, गावाचा तालुका नि आजोबांची शाळा एवढं लिहून द्या. तालुक्यावार गट करू, म्हणजे एका खेपेत एक माणूस पाच जणांचे कागद आणील. माहितीच्या अधिकाराचे अर्ज कोण लिहिणार तेही आजच ठरवू, मसुदा माझ्याकडं आहे. मागच्या बाकावरच्यांनी पुढं यावं, वही इकडं आहे.